पास झाला तरी पुरे

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर सीफर्ड नावाचं गाव आहे. तिथले डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी नोव्हेंबर १८९६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत छापली. घर शिकलंसवरलेलं, मुलगा खेळात चपळ आणि बोलायला तरतरीत. सातव्या वर्षापासून शाळा आणि शिकवण्या चालू होत्या, तरी वाचन जवळजवळ शून्य. स्वतःचं नाव लिहितानाही त्याने दोन अक्षरांची अदलाबदल केली आणि पुन्हा पुन्हा दाखवून दिल्याशिवाय त्याला ती चूक कळली नाही. मग डॉक्टरांनी आकडे पुढे केले. ७४९ गुणिले ८६७ हा गुणाकार पठ्ठ्याने भराभर आणि बिनचूक करून दाखवला. गणित मला आवडतं, असं तो म्हणाला. छापलेल्या शब्दांतून मात्र त्याला काहीच अर्थ लागत नव्हता.

या हकिगतीत पर्सीचे मास्तरही आहेत. त्यांनी त्याला काही वर्षं शिकवलं होतं आणि त्यांचं मत डॉक्टरांनी नोंदवून ठेवलं आहे: सगळं शिक्षण तोंडी असतं, तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. डिस्लेक्सियाच्या इतिहासात मॉर्गन यांचं नाव हमखास येतं. मास्तरांचं कुणी घेत नाही. मला मात्र या गोष्टीत मास्तरच मोठे वाटतात. वाचता येणं म्हणजेच शिकणं असा तो काळ. त्या काळात या माणसाने वाचता न येणं आणि डोकं नसणं या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या. पण त्यांच्या बोलण्यातलं ‘असतं तर’ही विसरता येत नाही. शिक्षण तोंडी नव्हतं, आणि निदान या एका मुलापुरतं ते तोंडी करून बघावं असं कुणी केल्याचं त्या नोंदीत दिसत नाही. मुलाबद्दल मत चांगलं असणं आणि त्या मतापायी वर्गात काही बदलणं, यांत अंतर असतं. ते आजही आपल्याकडे फारसं कमी झालेलं नाही.

आधी थोडी ओळख. अध्ययन अक्षमता, म्हणजे शाळेच्या भाषेत ‘एलडी’. ही संज्ञा अमेरिकेत १९६३ मध्ये सॅम्युएल कर्क या मानसशास्त्रज्ञामुळे रूढ झाली. बुद्धी ठीक, कान-डोळे ठीक, शाळाही मिळालेली, तरीही वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी एखादी गोष्ट वयाच्या मानाने फारच अवघड जाते. वाचनाची अडचण ती डिस्लेक्सिया, लेखनाची डिसग्राफिया, गणिताची डिसकॅल्क्युलिया. एकाच मुलात दोन-तीन एकत्र असणंही नवलाचं नाही. शाळकरी मुलांत हे प्रमाण ५ ते १५ टक्के धरलं जातं. म्हणजे चाळीसच्या वर्गात कमीत कमी दोन मुलं, आणि आपल्याकडचे वर्ग चाळीसवर कुठे थांबतात! महाराष्ट्राने या मुलांसाठी परीक्षेतल्या सवलती १९९६ पासून द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी मुंबईत ‘महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन’ उभी राहिली. देशपातळीवर मात्र २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारांच्या यादीत ही अक्षमता आली, तोवर वीस वर्षं गेली होती.

मराठीत ही अडचण लपून राहते, हे आपण पुरेसं ध्यानात घेत नाही. इंग्रजी स्पेलिंगचा काही भरवसा नसल्यामुळे तिथे मूल लवकर उघडं पडतं. मराठीत अक्षराचा उच्चार बहुतेक ठरलेला. त्यामुळे मूल रडतखडत बाराखडी पार करतं, तिसरी-चौथीत धडाही वाचून दाखवतं आणि बाई म्हणतात, ‘वाचतो की!’ वाचतो खरा, पण त्याला काय काय करावं लागतं ते बघा. ‘सूर्य’ हा शब्द घ्या. डोळ्याला आधी स आणि त्याचा दीर्घ उकार दिसतो, मग य, आणि य च्या डोक्यावर रफार. म्हणताना मात्र र आधी आणि य नंतर. ‘विहीर’मध्ये पहिली वेलांटी डोळ्याला व च्या आधी भेटते आणि तोंडात व च्या नंतर येते. त्याच शब्दातली दुसरी वेलांटी मात्र शहाण्यासारखी मागून येते. एकटा र चक्र, ट्रक, सूर्य, दऱ्या अशी चार सोंगं घेतो. शिवाय भ आणि म, ध आणि घ, थ आणि य या जोड्या आहेतच. तुम्हाआम्हाला यातलं काही जाणवत नाही, कारण आपला डोळा शब्द अख्खाच उचलतो. या मुलाला प्रत्येक शब्द नव्याने जुळवावा लागतो. वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरलेली असते. वाचन बरोबर, पण अर्थ गेला, आणि तासात तीन पानांऐवजी अर्धं पान झालं. सहावी-सातवीत इतिहास-भूगोलाची पुस्तकं जाड होतात तेव्हा याचा हिशोब चुकता होतो. तोपर्यंत मुलाला ‘आळशी’ हे बिरुद लागलेलं असतं.

आळशी, मठ्ठ, ढ, ‘हुशार आहे पण लक्ष देत नाही’. ही झाली जुनी चूक, आणि ती अजून पुष्कळ ठिकाणी जोरात आहे. नवी चूक सर्टिफिकेटनंतर सुरू होते. पालक मुंबईतल्या सायन किंवा नायरसारख्या पालिका रुग्णालयात खेपा घालतात. बुद्धिमापन होतं, वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या होतात आणि एक दिवस हाती कागद पडतो. घरी हायसं वाटतं. मार बंद होतो, टोमणे बंद होतात. आणि त्याच आठवड्यात घरात आणि शिक्षकांच्या खोलीत एक नवं वाक्य जन्माला येतं: ‘पास झाला तरी पुरे.’

बोलणाऱ्याच्या मनात यात खोट नसते, माया असते. म्हणूनच या वाक्याशी भांडणं अवघड जातं.

कागदाचा असा परिणाम होतो हे तपासून पाहिलेलं आहे. १९७६ मध्ये अमेरिकेत फॉस्टर, श्मिट आणि सॅबटिनो यांनी शिक्षकांना एका मुलाची चित्रफीत दाखवली. मूल तेच आणि चित्रफीतही तीच. काही शिक्षकांना मूल साधारण असल्याचं सांगितलं, तर काहींना त्याला अध्ययन अक्षमता असल्याचं. दुसऱ्या गटाने त्याच मुलाला खालचं मोजलं. समाजशास्त्रज्ञ डारा शिफ्रर यांनी २०१३ मध्ये हेच मोठ्या राष्ट्रीय पाहणीच्या आकडेवारीतून दाखवलं. गुण आणि वर्तणूक सारखी असलेल्या दोन मुलांपैकी ज्याच्या नावापुढे अक्षमतेचा शिक्का आहे, तो पुढे किती शिकेल याबद्दल शिक्षकांची अपेक्षा कमी असते. पालकांचीही. या गोष्टीवरून कुणी ‘मग निदानच नको’ असं म्हणेल. मला ते मान्य नाही. निदान नसलं तर मूल आळशी ठरतं, आणि त्यावर कसलाही उपाय होत नाही. कागद हवाच. तो कपाटात ठेवल्यावर आपण मुलाशी कसं वागतो, तिथे पाहायला हवं.

अपेक्षेचा विषय निघाला की रॉबर्ट रोझेन्थाल यांचा प्रयोग सांगितला जातो, आणि बहुधा फुगवून सांगितला जातो. रोझेन्थाल आणि लिनोर जेकबसन या मुख्याध्यापिका यांनी कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत मुलांची चाचणी घेतली. मग शिक्षकांना काही नावं देऊन सांगितलं की ही मुलं यंदा झेप घेणार आहेत. ती नावं, वर्गातला साधारण पाचवा हिस्सा, चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली होती. वर्षाअखेरीस त्या मुलांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा जास्त वाढलेला निघाला. १९६८ मध्ये यावर पुस्तक आलं आणि गाजलं. पण वाढ ठळक दिसली ती पहिली-दुसरीच्या मुलांतच. शिवाय इतक्या लहान वयाला ती चाचणी कितपत लागू पडते, यावर रॉबर्ट थॉर्नडाइक यांनी त्याच वर्षी कडक टीका केली. नंतरच्या अभ्यासांतून चित्र जरा शांत झालं. शिक्षकाच्या अपेक्षेचा परिणाम खरा आहे, पण बहुतेक मुलांच्या बाबतीत तो माफक असतो. ज्यांच्यावर आधीच काही शिक्का आहे, त्यांच्या बाबतीत तो जास्त असू शकतो. म्हणजे नेमका आपल्या या मुलांच्या बाबतीत.

मनातली अपेक्षा मुलापर्यंत पोचते कशी? बोलून क्वचितच. सातवीचा भूगोलाचा तास डोळ्यांपुढे आणा. बाई एकेकाला परिच्छेद वाचायला उठवत आहेत. या मुलाची पाळी आली की पुढच्याचं नाव घेतात. हेतू चांगला, चारचौघांत फजिती नको. मग खडू संपतो आणि ऑफिसातून खडू आणायला याला पाठवतात, कारण कामाला चुणचुणीत आहे. परत येतो तोवर पाऊणएक परिच्छेद झालेला असतो. आता प्रश्न. शेजारच्या मुलीला विचारलं जातं, सह्याद्रीच्या पूर्वेला पाऊस कमी का पडतो? याला विचारलं जातं, पावसाळा कोणत्या महिन्यात सुरू होतो? तो ‘जून’ म्हणतो, आणि बाई ‘शाब्बास!’ म्हणतात. या मुलाचं आजोळ माण तालुक्यातलं आहे. मे महिन्यात तो टँकरच्या रांगेत मामीबरोबर कळशी घेऊन उभा राहतो, आणि घाटाच्या अलीकडे महाबळेश्वर चिंब असताना पलीकडे पाऊस का पोचत नाही हे मामाने त्याला डोंगर दाखवून समजावलेलं आहे. पर्जन्यछायेच्या प्रश्नाचं उत्तर त्या वर्गात त्याच्याइतकं चांगलं कुणी दिलं नसतं. पण तो प्रश्न त्याच्या वाट्याला येतच नाही.

त्या तासात बाई त्याला एक शब्दही वावगा बोललेल्या नाहीत. तरी त्याला सगळं कळतं. ‘जून’ला मिळालेल्या शाब्बासकीतून तर जास्तच. फार सोप्या कामाचं तोंडभर कौतुक झालं की मुलं त्यातून आपल्या कुवतीबद्दलचं मत बरोबर ओळखतात, असं मानसशास्त्रातल्या प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. कीव तर त्याहून बोलकी. सँड्रा ग्रॅहम यांनी १९८४ मध्ये सहावीच्या मुलांना एका कामात अपयश येऊ दिलं. काहींपुढे मोठ्या माणसाने सहानुभूती दाखवली, काहींपुढे राग. सहानुभूती मिळालेल्या मुलांनी निष्कर्ष काढला की आपल्याला हे जमण्यासारखंच नाही. राग झेललेल्यांनी मानलं की आपण मेहनत कमी केली. यावरून रागवत सुटा, असा अर्थ कुणी कृपा करून काढू नये. पण ‘असू दे रे, सगळ्यांनाच गणित येत नाही’ हे वाक्य मुलाच्या कानात कसं पडतं, ते यातून कळतं.

थांबण्याचंही असंच. मेरी बड रो या संशोधिकेने १९६०-७० च्या दशकांत विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण ऐकून वेळ मोजला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. हुशार मानलेल्या मुलांसाठी ते कच्च्या मानलेल्यांपेक्षा सुमारे दुप्पट थांबत. ज्याला शब्द जुळवायला वेळ लागतो, त्यालाच सगळ्यात कमी वेळ. शिक्षकांनी ठरवून तीन सेकंद थांबायला सुरुवात केली, तेव्हा उत्तरं लांब झाली आणि ‘मागची’ मुलं बोलू लागली. शाळेला यासाठी एक रुपया खर्च नाही. तरी करून पाहा. शांत वर्गात तीन सेकंद फार लांबलचक वाटतात, आणि जीभ आपसूक पुढच्या मुलाचं नाव घेते.

हे रोज घडत राहतं आणि साचतं. वाचन अवघड, म्हणून मूल कमी वाचतं. कमी वाचतं म्हणून त्याचा शब्दसाठा वाढत नाही, आणि शब्दसाठा नाही म्हणून पुढचं पुस्तक आणखी अवघड जातं. कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये हे दुष्टचक्र मांडलं. त्यात मोठ्यांनी सोपी पुस्तकं हाती दिली की चक्राला आणखी गती मिळते. सातवीच्या मुलाला दुसरीचा धडा दिला, तर अक्षरं त्याच्या आवाक्यात येतात, पण विचार मागे पडतो. वाचनाच्या सरावाला दुसरीचा मजकूर असायला हरकत नाही. इतिहास मात्र सातवीचाच हवा. तो आईने वाचून दाखवावा, ताईने मोबाइलवर रेकॉर्ड करून द्यावा किंवा वर्गमित्राने सांगावा. कानांनी शिकणं ही फसवणूक आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपली कीर्तनाची परंपरा आठवावी.

इथे ‘तारे जमीन पर’ आठवणं अपरिहार्य आहे. २००७ च्या या सिनेमाने डिस्लेक्सिया हा शब्द घराघरात नेला, त्याचे उपकार आहेतच. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते शेवटचं चित्र आणि बक्षीस. त्याआधी निकुंभ सर त्या मुलाकडून वाळूत अक्षरं गिरवून घेतात, मातीचे आकार करून घेतात, पायऱ्यांवर चढउतार करून बेरीज-वजाबाकी शिकवतात आणि मूल हळूहळू वाचू लागतं. हे सगळं एका गाण्याच्या अवधीत उरकतं, म्हणून निसटून जातं. परिणामी एलडीचं निदान झालं की पालक मुलात दडलेला चित्रकार शोधू लागतात. ड्रॉइंगचा क्लास, तबल्याचा क्लास, क्रिकेट. देव एक काढून घेतो तर दुसरं देतो, ही समजूत आपल्याला फार प्रिय. कलांचं वावडं नाही, पण ‘वाचन राहू दे, चित्रं काढ’ हीसुद्धा खालचीच अपेक्षा, फक्त जरा सजवलेली. आणि या मुलांपैकी बहुतेकांत कसलाही अलौकिक गुण नसतो, जसा तो इतर मुलांतही नसतो. साधा, बरा हिशेबनीस किंवा परिचारक व्हायचं असेल, तरी वाचता यावंच लागतं. तीच गोष्ट आइन्स्टाइनची. तो डिस्लेक्सिक होता याला भक्कम पुरावा नाही. मुलाला धीर देण्यासाठी त्याचं नाव घेणाऱ्यांनी शेजारच्या गल्लीतला डिस्लेक्सिक वकील शोधावा, त्याचा उपयोग जास्त.

आता सवलतींकडे येऊ, कारण अपेक्षेचा खरा कस तिथे लागतो. महाराष्ट्रात या मुलांना परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण कापले जात नाहीत. त्याच यादीत एक भाषा सोडून तिच्या जागी कार्यानुभवासारखा विषय घेण्याची मुभा आली, आणि बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घेण्याचीही. पालक आणि शिक्षक या सगळ्यांना एकाच सुरात ‘सवलती’ म्हणतात. पण यांत दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. जादा वेळ घेतलेला मुलगा तोच पेपर सोडवतो, लेखनिकाला सांगणारी मुलगी तेच विज्ञान सांगते. त्यांनी गाठायची जागा इतरांची आहे तीच राहते. बीजगणित सोडणाऱ्याची जागाच बदलते. पुढे विज्ञान शाखा, अभियांत्रिकी, पुष्कळ डिप्लोमा हे रस्ते त्याच्यासाठी अरुंद किंवा बंद होतात, आणि हा निर्णय चौदाव्या वर्षी, बहुधा नववीच्या दुसऱ्या सत्रात, निकालाच्या धास्तीने घेतलेला असतो.

खरी, तीव्र डिसकॅल्क्युलिया असलेलं मूल असतं. त्याच्यासाठी हा पर्याय म्हणजे सुटका आहे आणि तो असायलाच हवा. माझी तक्रार वेगळी आहे. ज्याची अडचण वाचनाची आहे आणि गणित चांगलं आहे, अशा मुलालाही ‘कशाला डोक्याला ताप’ म्हणून गणित सोडायला लावलं जातं. एकदा सवलत मिळतेच आहे तर सगळ्या घेऊन टाकाव्यात, असा हा हिशोब. पर्सीला ७४९ गुणिले ८६७ येत होतं. आजच्या एखाद्या शाळेत त्याने गणितच सोडलं असतं.

पद्धत सोपी करणं आणि विषय सोपा करणं यातला घोळ आपल्याकडे २०१९ मध्ये जाहीरपणे झाला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्या ‘साठ तीन’ अशाही वाचायला शिकवल्या आणि महाराष्ट्र पेटला. समाजमाध्यमांवर विनोद झाले, विधिमंडळातही थट्टा झाली. त्या पुस्तकाच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी परोपरीने समजावलं की ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी येतो आणि लिहिताना सहा आधी येतो, त्यामुळे कितीतरी मुलं ६३ च्या जागी ३६ लिहितात. त्यातून जोडाक्षरं वेगळीच. ‘एकोणसाठ’मध्ये तर साठ ऐकू येतो आणि लिहायचा असतो पाच. साध्या मुलाला हे अडखळवतं, तर डिसकॅल्क्युलिया असलेल्या मुलाला पार आडवं करतं. टीकाकारांचं म्हणणं होतं की मुलांसाठी गणित पातळ केलं. पण साठ तीन म्हणा की त्रेसष्ट, संख्या ६३ च आहे, आणि तिची वजाबाकी पूर्वीइतकीच कठीण. फक्त दारातला उंबरा घासून कमी केला. भाषेच्या अंगाने त्या बदलाला आक्षेप घेता येईल, मलाही ‘त्रेसष्ट’ कानाला गोड लागतो. गणित पातळ झालं, हा आक्षेप मात्र टिकत नाही.

अपेक्षा उंच ठेवा म्हटलं की दुसऱ्या टोकाला जाणारेही भेटतात. ‘मनात आणलं तर काहीही अशक्य नाही, बस अभ्यासाला!’ ज्याला ध्वनी आणि अक्षर यांची सांगड घालता येत नाही, त्याला दहा वेळा धडा लिहून काढायला लावणं म्हणजे छळ. शिकवण्याची जोड नसेल, तर उंच अपेक्षा जुन्या ‘आळशी’चीच बहीण. शिकवायचं म्हणजे काय, हे आता बऱ्यापैकी माहीत आहे. शब्दांतले ध्वनी सुटे करून ऐकवायचे, प्रत्येक ध्वनीचं अक्षर आणि प्रत्येक मात्रेचं काम उघडपणे, क्रमाने शिकवायचं. रोज थोडं, आधीचं पक्कं झाल्याशिवाय पुढे नाही. सॅम्युएल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात ही वाट पाडली. स्पेशल एज्युकेटर आज जे रेमेडियल घेतात, त्याचा सांगाडा पुष्कळसा त्यांचाच.

त्यातून किती साधतं? जोसेफ टॉर्गेसन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे मोलाचा आहे. आठ ते दहा वर्षांची, वाचनात फार मागे असलेली साठ मुलं. प्रत्येकाला एकेकट्याने, दिवसाला पन्नास मिनिटांचे दोन तास, आठ आठवडे. एकूण साडेसदुसष्ट तास. मुलांची वाचनातली अचूकता आणि आकलन बरंच सुधारलं आणि ते दोन वर्षांनंतरही टिकलं. जवळपास ४० टक्के मुलांना वर्षभरात विशेष वर्गाची गरज उरली नाही. पण वाचनाचा वेग सर्वसाधारण मुलांच्या जवळ आला नाही. या एका निकालात अपेक्षा कुठे उंच ठेवायची आणि कुठे नाही, ते आलं. अचूक वाचेल, समजून वाचेल, ही अपेक्षा धरा. भराभर वाचेल, ही धरू नका, आणि म्हणूनच जादा वेळ द्या. जादा वेळ हा उपकार नव्हे, वेगाची ती वजावट आहे. आपल्याकडे अडचण वेगळीच. रोजचे दोन तास कुठले, आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास रेमेडियल मिळालं तरी पालक नशीब समजतात. मुंबई-पुण्याबाहेर स्पेशल एज्युकेटर मिळणंच दुरापास्त.

या मुलांसाठी वर्षाचं उद्दिष्ट लिहिताना एक खोड सगळीकडे दिसते, ती म्हणजे मागल्या वर्षीचा कागद पुढे चालवणं. अमेरिकेत हीच खोड सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. कोलोरॅडोतल्या एंड्र्यू नावाच्या मुलाला स्वमग्नता होती, अध्ययन अक्षमता नव्हे, पण मुद्दा तोच. शाळा दरवर्षी त्याच्यासाठी जवळपास तीच उद्दिष्टं लिहीत होती, म्हणजे मूल पुढे सरकत नव्हतं. खालच्या न्यायालयांच्या मते शून्याहून थोडीशी जास्त प्रगती झाली तरी कायद्याचं समाधान होत होतं. २२ मार्च २०१७ रोजी आठच्या आठ न्यायाधीशांनी हे मोडून काढलं. मुलाच्या परिस्थितीला साजेल अशी, पण महत्त्वाकांक्षी योजना शाळेने द्यायला हवी, असा निकाल सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी दिला. गंमत म्हणजे ती खालची पट्टी आपल्या एका जुन्या निकालात वापरणारे न्यायाधीश नील गोर्सच त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयातल्या नेमणुकीसाठी सिनेटपुढे बसले होते, आणि त्यांना त्यावर उत्तरं द्यावी लागली. आपल्याकडे न्यायालयात जायची गरज नाही. ओपन डेला मागच्या वर्षीचं प्रगतिपुस्तक बरोबर न्यायचं आणि ‘वाचनात सुधारणा आवश्यक’ हा शेरा दोन्हींत आहे का पाहायचं. असेल तर विचारायचं: बाई, कुठलं वाचन, किती, आणि दिवाळीपर्यंत त्याला काय वाचता यायला हवं? ‘जोडाक्षरं असलेला, न पाहिलेला दहा ओळींचा उतारा, दोनपेक्षा जास्त चुका न करता’ असं उत्तर मिळालं, तर समजावं की अपेक्षा नावाची गोष्ट तिथे खरोखर आहे.

मूल मोठं होतं तशी ही झुंज त्याच्या स्वतःच्या अंगावर येते. सप्टेंबर २०२१ मध्ये डिसग्राफिया असलेली एक विद्यार्थिनी मुंबईत नीट परीक्षेला बसली. डॉक्टर व्हायची इच्छा, हाती ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि नियमाने मिळणारा एक तास जादा. केंद्रावर तो तास तिला मिळाला नाही, इतरांबरोबर तिचीही उत्तरपत्रिका काढून घेतली गेली. मुंबई उच्च न्यायालयात दाद मिळाली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २३ नोव्हेंबरला तिचं म्हणणं खरं धरलं. फेरपरीक्षा दिली नाही, पण झालेल्या अन्यायाची भरपाई कशी करता येईल ते आठवड्यात ठरवा, असं परीक्षा घेणाऱ्या संस्थेला सुनावलं आणि केंद्रांवरच्या लोकांना या नियमांचं प्रशिक्षण द्यायला सांगितलं. म्हणजे घरच्यांनी आणि स्वतः मुलीने अपेक्षा उंच ठेवली, बारावीपर्यंतचा घाट चढून झाला, आणि अडलं ते वर्गातल्या पर्यवेक्षकाला नियम ठाऊक नव्हता म्हणून.

म्हणून आठवी-नववीपासून मुलाला एक तालीम द्यावी. आपली अडचण काय आहे, आपल्याला काय मिळायला हवं आणि का, हे त्याने स्वतःच्या तोंडाने दोन वाक्यांत, न रडता आणि न गुर्मी करता सांगायचं. पहिल्यांदा घरी, मग घटक चाचणीच्या वेळी वर्गशिक्षकांपुढे. आईने मागे उभं राहावं, पण बोलू नये. सवलतींच्या परिपत्रकाची प्रत मुलाच्या स्वतःच्या दप्तरात असावी. पहिल्या वेळी त्याची जीभ अडखळेल आणि आईला तोंड उघडावंसं वाटेल. तिथेही तीन सेकंद थांबावं.